फिनिश्ड बेसमेंटमध्ये दर उन्हाळ्यात कुबट वास, दर मोठ्या पावसात ओल: आधी पाणी कुठलं ते शोधा

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क ह्या पट्ट्यात घर असेल आणि बेसमेंट फिनिश केलेलं, म्हणजे भिंती-फ्लोअर झाकून राहण्याजोगं केलेलं असेल तर ही तक्रार ओळखीची असणार. हिवाळ्यात सगळं झकास, एप्रिलपर्यंत काही नाही, आणि जून लागला की जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्यांवरच कुबट वास नाकात बसतो. कार्पेट पायाला गार आणि किंचित चिकट लागतं. कपाटात ठेवलेल्या मखराच्या थर्माकोलवर आणि साड्यांच्या बॅगांवर बुरशीचे ठिपके. मग कार्पेट शॅम्पू होतं, मेणबत्त्या येतात, कोपऱ्यात डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं मशीन बसतं, भिंतीला अजून एक हात रंग मारला जातो, आणि पुढच्या जूनमध्ये परत तेच.

मी कॉन्ट्रॅक्टर नाही, पण आमचं घर १९५० च्या दशकातलं, पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंतींचं, त्यामुळे ह्या विषयात इतकं डोकं घातलंय की मंडळातले लोक आता गणपतीच्या मीटिंगमध्येसुद्धा मला भिंतींचे फोटो दाखवतात. आणि जवळपास प्रत्येक फोटोमागची गोष्ट सारखीच असते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

बेसमेंटमध्ये पाणी तीन वाटांनी येतं. हवेतून, छपरावरून-अंगणातून, आणि जमिनीखालून. तिन्हींचा वास सारखा, डाग सारखे, पण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. जमिनीतून वर येणाऱ्या पाण्यापुढे डिह्युमिडिफायर काहीच नाही, आणि हजारो डॉलर घालून खणलेला ड्रेन हवेतल्या दमटपणाला काही करत नाही. ओल परत परत येते ती बहुतेक वेळा ह्याच कारणाने, उपाय चुकीच्या पाण्यावर झालेला असतो. आणि फिनिशिंग करताना तर कोणी हे बघतच नाही, फ्रेमिंग, ड्रायवॉल (आतून लावायचे जिप्समचे बोर्ड), रिसेस्ड लाइट्स, बार काउंटर ह्याचीच चर्चा, भिंत एकदा झाकली की आतलं कोण बघतंय.

तर पहिलं काम, काहीही विकत न घेता: ओल कधी येते ते बघा आणि फोनमध्ये नोंद ठेवा. आठवडाभर पाऊस नाही, बाहेर नुसतं चिकचिक उकडतंय आणि तरी खाली वास वाढलाय, तर पाणी हवेतलं आहे. जोरदार सर आली आणि तास-दोन तासांत एकाच कोपऱ्यात किंवा एका खिडकीखाली ओल दिसली तर ते छपराचं किंवा अंगणाचं. पाऊस होऊन गेला, ऊनही पडलं, आणि दुसऱ्या दिवशी भिंत आणि फ्लोअर जिथे मिळतात त्या सांध्यातून किंवा स्लॅबच्या (इथे स्लॅब म्हणजे फ्लोअरचं काँक्रीट) भेगेतून पाणी झिरपलं, नाहीतर मार्चमध्ये बर्फ वितळताना असं झालं, तर जमिनीखालचं पाणी चढलंय असं समजा.

दुसरी टेस्ट प्लॅस्टिकची. फर्नेस, म्हणजे घर गरम करायचं मशीन, असतो ती खोली बहुतेक घरांत अनफिनिश्ड ठेवलेली असते, तिथे काँक्रीट उघडं मिळतं. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा साधारण दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्यायचा, चारही कडा डक्ट टेपने अगदी हवाबंद चिकटवायच्या आणि निदान सोळा तास, जमलं तर दोन दिवस तसाच ठेवायचा. एक फ्लोअरवर, एक बाहेरच्या भिंतीवर. प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला थेंब आले तर ओल खोलीतल्या हवेतून येतेय. खालच्या बाजूला थेंब, किंवा काढल्यावर खालचं काँक्रीट आजूबाजूपेक्षा काळपट दिसलं, तर ती काँक्रीटमधून येतेय. दोन्हीकडे ओल असेल तर दोन्ही भानगडी आहेत, आणि तसं बऱ्याच घरांत असतं, घाबरायचं नाही. टेस्ट मात्र उन्हाळ्यात करा, जानेवारीत सगळंच कोरडं ठणठणीत दिसतं आणि लोक खूश होऊन कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स देतात.

भिंतीवर पांढरी पावडर दिसतेय ती बुरशी आहे का, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बहुतेक वेळा नाही, तो लोणा असतो, आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींना लागतो तोच. पाणी काँक्रीटमधले क्षार विरघळवून बाहेर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. स्प्रे बाटलीने पाणी मारा, लोणा विरघळून दिसेनासा होतो, बुरशी तशीच राहते. लोण्याने तब्येतीला काही होत नाही, पण त्याचा अर्थ लक्षात घ्या: त्या भिंतीतून पाणी प्रवास करतंय. त्यावर नुसता वॉटरप्रूफ पेंट मारला तर मागून पाण्याचा जोर असेल तिथे एक-दोन सीझनमध्ये पोपडे धरून खाली येतो.

आता हवेतलं पाणी, कारण हे सगळ्यात जास्त घरांत असतं आणि सगळ्यात कमी लोकांना पटतं.

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास येतं, "अरे, खिडक्या उघड जरा, वारा खेळू दे, किती कोंदट झालंय." पुण्यातल्या खोलीला हे शंभर टक्के बरोबर आहे. न्यू जर्सीतल्या बेसमेंटला जुलैत नेमकं उलटं. बाहेर ८५ फॅरनहाइट आणि ६० टक्के ह्युमिडिटी असेल तर त्या हवेचा ड्यू पॉइंट ७० च्या आसपास येतो, म्हणजे ७० पेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर ती हवा पाणी सोडणार. बेसमेंटचा स्लॅब आणि भिंतींचा खालचा भाग जमिनीत गाडलेला, भर उन्हाळ्यातही साठीच्या घरात गार असतो. फ्रिजमधून काढलेल्या पन्ह्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तेच इथे सगळ्या फ्लोअरला होतं, फक्त वर कार्पेट असल्याने दिसत नाही. खिडकी जितकी उघडी तितकं पाणी आत. जून ते सप्टेंबर बेसमेंटच्या खिडक्या बंद, हा नियम आईंना रागावून नाही तर एक दहा-पंधरा डॉलरचं हायग्रोमीटर (ह्युमिडिटीचा आकडा दाखवणारं यंत्र) दाखवून समजवायचा, खिडकी उघडल्यावर तासाभरात आकडा चढताना बघितला की त्या स्वतःच बंद करतात, वर बाकीच्यांनाही सांगतात.

आकडा किती हवा? अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए घरात ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० ठेवा म्हणते. उन्हाळ्यात बेसमेंटला ५० गाठलं तरी खूप झालं.

डिह्युमिडिफायर आहे तरी उपयोग नाही म्हणणाऱ्यांकडे गेलं की साधारण हेच दिसतं: बादली भरली की मशीन आपोआप बंद होतं आणि बादली रिकामी करायला कोणी खाली गेलेलं नसतं. मशीन आठवड्यातून दोन दिवस चालतं, पाच दिवस बंद. मागे नळी लावायची सोय जवळपास सगळ्यांना असते, ती नळी फ्लोअर ड्रेनमध्ये नाहीतर सम्प पिटमध्ये (स्लॅबमधला पाणी जमा व्हायचा खड्डा, त्यातलं पाणी सम्प पंप बाहेर टाकतो) सोडा आणि बादली विसरून जा. ड्रेन लांब किंवा उंचावर असेल तर छोटा कंडेन्सेट पंप मिळतो. साइजचंही लक्षात ठेवा, मशीन दिवसाला किती पाइंट पाणी काढतं तो त्याचा साइज, पण २०१९ मध्ये टेस्टिंगचं तापमान ८० वरून ६५ फॅरनहाइटवर आणलं, म्हणून जुन्या ७० पाइंटच्या मशीनवर आता साधारण ५० पाइंट लिहिलेलं असतं, ताकद तीच. तीस वर्षांपूर्वीचं "टेस्टेड" मशीन कोणीतरी फुकट देत असेल तर वीजबिलाचा विचार करून नम्रपणे नाही म्हणा. आणि खोल्या पाडल्या असतील, दारं बंद असतील, तर एका कोपऱ्यातलं मशीन दुसऱ्या टोकाच्या गेस्टरूमला काहीच करत नाही, दाराखाली फट ठेवा किंवा ग्रिल बसवा.

खालचा एसी व्हेंट फुल उघडा ठेवला तर कधी कधी गोष्ट बिघडते, कारण आधीच गार असलेली जागा अजून गार होते, पृष्ठभाग अजून थंड, ओल अजून जास्त. तो व्हेंट थोडा आवळून बघा.

शिवाय आपणच खाली किती पाणी ओततो तेही मोजायला हवं. ड्रायरचा पाइप मागून निसटलेला असतो आणि सगळी वाफ बेसमेंटमध्येच, हे तर मी चक्क तीन-चार ठिकाणी पाहिलंय. दोरी बांधून किंवा स्टँडवर ओले कपडे वाळत घालणं, ते कपडे वाळतात म्हणजे पाणी हवेतच जातं ना. आणि आपल्या लोकांचं खास म्हणजे बेसमेंटमधलं दुसरं किचन, बांगडे तळायला, मोठ्या पार्टीचा मसालेभात करायला, पण एक्झॉस्ट मात्र नुसता गोल फिरणारा, बाहेर न जाणारा. तो बाहेर काढायलाच हवा. दुसऱ्या किचनला टाउनशिपची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची परवानगी लागते का हेही विचारून घ्या, बऱ्याच टाउन्सना ते बेकायदा भाडेकरूचं लक्षण वाटतं.

आता बाहेरचं पाणी. इथे सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा फरक पडतो आणि तरीही कोणी बाहेर जाऊन बघत नाही. साधा हिशोब सांगतो: १००० स्क्वेअर फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर सव्वासहाशे गॅलनच्या आसपास, म्हणजे साडेतेवीसशे लिटर पाणी होतं. ते सगळं गटरमधून (छपराच्या कडेची पन्हळ) चार डाउनस्पाउटला, म्हणजे भिंतीलगतच्या उभ्या पाइपांना येतं, आणि डाउनस्पाउट जर भिंतीपासून एक फुटावर संपत असेल तर तुम्ही दर पावसात टँकर आणून फाउंडेशनला पाजताय. गटर पानांनी तुंबलेलं असेल तर अजून वाईट, पाणी थेट कडेवरून भिंतीलगत पडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं झडून गेली की गटर साफ करा, आणि डाउनस्पाउटला एक्स्टेन्शन लावून पाणी निदान पाच-सहा फूट, जागा असेल तर दहा फूट लांब सोडा. हार्डवेअर स्टोअरमध्ये काही डॉलरना मिळतं. लॉन कापताना मध्ये येतं म्हणून काढून ठेवलेलं आणि परत न लावलेलं एक्स्टेन्शन हे निम्म्या ओल्या कोपऱ्यांचं कारण असतं.

मग जमिनीचा उतार. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार घरापासून बाहेरच्या दिशेने हवा असं बिल्डिंग कोड सांगतो. घर बांधताना फाउंडेशनभोवती भरलेली माती वर्षानुवर्षं खाली बसते आणि उतार उलटा होतो, घराकडे. पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहा, पाणी कुठे साचतंय ते पाच मिनिटांत कळतं, ह्याला कुठलाही एक्स्पर्ट लागत नाही. माती टाकताना साइडिंगच्या (घराच्या बाहेरच्या भिंतीवरचं आवरण) खाली सहा-आठ इंच फाउंडेशन उघडं राहील एवढं बघा, नाहीतर वाळवीला आमंत्रण. हौसेने लावलेली हायड्रेंजिया, कढीपत्त्याच्या कुंड्या आणि दर वर्षी वाढत जाणारा मल्चचा ढीग भिंतीला चिकटून असेल तर तोही हलवा. खिडकीच्या खड्ड्यात, म्हणजे विंडो वेलमध्ये, पानं साचून ड्रेन बंद झाला असेल तर पाऊस तिथे तळं करतो आणि खिडकीतून आत येतो. वर प्लॅस्टिकचं झाकण बसवा.

एवढं करून एक पावसाळी सीझन जाऊ द्या. खरंच सांगतो, मधे काही करू नका. वॉटरप्रूफिंगवाले फुकट इन्स्पेक्शनला येतात आणि "आज सही केली तर डिस्काउंट" म्हणतात, त्यांना गटर दिसत नाही, त्यांना फक्त ड्रेन दिसतो.

आणि तरीही सांध्यातून पाणी येत असेल, तर ते जमिनीखालचं. इथे मात्र स्वस्त उपाय नाही. आतल्या बाजूने स्लॅबची कड फोडून, खाली खडी घालून छिद्रांचा पाइप टाकायचा, तो सम्प पिटला नेऊन जोडायचा आणि वर परत काँक्रीट. काम धुळीचं, आवाजाचं आणि हजारो डॉलरचं. ब्लॉकच्या भिंती असतील तर ब्लॉकच्या पोकळीत पाणी साठून राहतं, त्यासाठी खालच्या ओळीला भोकं पाडून ते पाणी ड्रेनमध्ये काढतात. एकच उभी भेग असेल आणि भिंत ओतीव काँक्रीटची असेल तर त्या भेगेत इंजेक्शन मारून काम भागतं, पूर्ण ड्रेनची गरज नाही, हे आधी विचारा. भेग आडवी असेल किंवा भिंत आत फुगलेली दिसत असेल तर ते वॉटरप्रूफिंगवाल्याचं कामच नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवा.

सम्प पंप असेल त्यांनी वर्षातून दोनदा बादलीभर पाणी पिटमध्ये ओतून पंप चालू होतो का ते बघायचं. पाणी चढलं की पंप चालू करणारा फ्लोट पिटच्या भिंतीला अडकून बसतो, तेवढ्यानेही बेसमेंट भरतं. पंप सतत चालू-बंद होत असेल तर बहुतेक चेक व्हॉल्व्ह गेलाय, वर चढवलेलं पाणी परत खाली येतंय. पंपाचा पाइप घराच्या ड्रेनेजला जोडू नका, जवळपास सगळ्या टाउन्समध्ये ते चालत नाही, आणि बाहेर ज्या तोंडाने पाणी पडतं ते हिवाळ्यात गोठून बंद होत नाही ना तेही बघा.

पण सगळ्यात मोठा मुद्दा लाइटचा. पंप विजेवर चालतो आणि वीज जाते नेमकी वादळात. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीत लाखो घरांची लाइट गेली, कित्येक ठिकाणी आठवडाभर, आणि पंप होते तसे पिटमध्ये बसून राहिले. बॅटरी बॅकअप हा ऑप्शनल ॲक्सेसरी म्हणून विकतात, फिनिश्ड बेसमेंटला तो ऑप्शनल नाहीच. मग १ सप्टेंबर २०२१, आयडा वादळाचा पाऊस. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच, म्हणजे ८० मिलिमीटर पाऊस, मुंबईकराला तासाला ८० म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. इथली गटारं त्या हिशोबाने बांधलेलीच नाहीत. अशा पावसात रस्त्याखालची लाइन भरली की घाण पाणी उलटं येतं, फ्लोअर ड्रेनमधून, खालच्या बाथरूमच्या कमोडमधून. त्याला सम्प पंप काही करू शकत नाही, त्याला मेन लाइनवर बॅकवॉटर व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह लागतो आणि तो बेसमेंटमध्ये बाथरूम काढतानाच बसवून घेतला तर स्वस्त पडतो.

आता झाकलेल्या भिंतीच्या आत काय चाललंय ते. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात एका मित्राकडे वास जातच नव्हता, बाहेरचं सगळं ठीक होतं, ह्युमिडिटी पन्नास-पंचावन्न. बेसबोर्ड (भिंतीच्या तळाची पट्टी) काढला, तर मागचा ड्रायवॉल थेट स्लॅबवर टेकलेला, खालची दोन बोटं बदामी होऊन भुसभुशीत झालेली. कटरने हातभर उंचीचा चौकोन कापला. आत गुलाबी फायबरग्लास, त्याच्या पुढे पारदर्शक प्लॅस्टिक शीट, आणि शीटच्या मागच्या बाजूला थेंबांची रांग, बोटाने ओढलं तर ओघळ खाली आला. फायबरग्लास काढून बघितलं, काँक्रीटकडची बाजू काळी. ड्रायवॉलच्या मागचा कागद काळा. खालची लाकडी पट्टी साध्या लाकडाची, नख सहज रुतत होतं. कॉन्ट्रॅक्टरने प्लॅस्टिक घातलं ते चांगल्या हेतूने, वरच्या मजल्यावर असंच करतात म्हणून. पण बेसमेंटच्या भिंतीला बाहेरून जमिनीची ओल येतच असते, तिला आत सुकायची वाट हवी असते, आणि प्लॅस्टिकने तीच बंद झाली.

म्हणजे भिंत परत करायची वेळ आली तर क्रम असा ठेवा. काँक्रीटला थेट फोम बोर्ड चिकटवायचा, दोन इंच एक्सपीएस (कडक पॉलिस्टायरिन फोम), त्याने आर-१० इन्सुलेशन मिळतं (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप), सगळे सांधे टेप, वरची-खालची फट फोमने बंद. खोलीतली दमट हवा गार काँक्रीटपर्यंत पोचलीच नाही पाहिजे, सगळं त्यासाठी. त्याच्या पुढे स्टडची, म्हणजे उभ्या लाकडी पट्ट्यांची भिंत, खालची पट्टी प्रेशर ट्रीटेड लाकडाची. स्टडच्या मधे मिनरल वूल घातलं तर छान, प्लॅस्टिक शीट कुठेही नाही. फोम उघडा ठेवायचा नाही, आगीच्या दृष्टीने त्यावर अर्धा इंच ड्रायवॉल लागतोच, आणि तो ड्रायवॉल स्लॅबपासून अर्धा इंच वर, बेसबोर्डमध्ये ती फट झाकली जाते. वरती सीलिंगजवळ, जिथे घराचं लाकूड फाउंडेशनवर टेकतं, तिथलं इन्सुलेशन बहुतेक जण विसरतात, तिथेही फोमचे तुकडे बसवून कडा सील करा.

फ्लोअरला कार्पेट नको. मला कळतं की मुलं खाली लोळतात, गार लागतं, पण स्लॅबवर थेट पॅड आणि कार्पेट म्हणजे बुरशीची शेती. खालून हवा खेळेल अशा डिंपल शीटवर सबफ्लोअर आणि वर व्हिनिल प्लँक, त्यावर उचलता येईल असा गालिचा. हार्डवुड अजिबात नाही. जुन्या घरात कार्पेट उचलल्यावर खाली नऊ इंच बाय नऊ इंचाच्या टाइल्स निघाल्या तर थांबा, खरवडू नका, त्यात आणि त्याच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकतं, लॅबला तुकडा पाठवून खात्री करा. चांगल्या स्थितीत असतील तर न हलवता वरून झाकणं हाच बहुतेकदा शहाणपणाचा मार्ग.

भिजलेला ड्रायवॉल आणि कार्पेट पॅड एक ते दोन दिवसांत पूर्ण सुकलं नाही तर बुरशी धरतेच, तेव्हा पाणी भरल्यावर "उन्हात सुकेल" म्हणून वाट बघू नका, ओलीच्या रेषेच्या वर कापून टाका. दहा स्क्वेअर फुटांपर्यंतची बुरशी मास्क-ग्लोव्ह्ज घालून घरी काढता येते, त्याहून जास्त असेल तर माणूस बोलवा. ब्लीच ओतून वास जाईल ही समजूत सोडा.

आई-बाबांसाठी खाली बेडरूम करायची असेल, सहा महिने राहणार, वरच्या मजल्यावर गुडघे चढत नाहीत, वगैरे, तर ओलीच्या आधी बाहेर पडायला रस्ता आहे का ते बघा. आयडाच्या रात्री न्यूयॉर्क शहरात अकरा माणसं बेसमेंटच्या घरांत दगावली. बेडरूमला माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी लागते: उघडल्यावर ५.७ स्क्वेअर फूट मोकळी जागा, उंची निदान २४ इंच, रुंदी निदान २० इंच, आणि खालची कड फ्लोअरपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. त्यासाठी फाउंडेशन कापावं लागतं, विंडो वेल खणावा लागतो, आणि त्या वेलला स्वतःचा ड्रेन नसेल तर तुम्ही ओलीला नवीन दार करून दिलं. परमिटशिवाय हे करू नका, घर विकताना टाउनशिप विचारते.

त्याच बरोबर रेडॉन ह्या किरणोत्सर्गी वायूची टेस्ट. पेनसिल्व्हेनियातून उत्तर न्यू जर्सीत येणाऱ्या रीडिंग प्राँग नावाच्या खडकाच्या पट्ट्यात हा वायू जमिनीतून वर येतो. १९८४ मध्ये स्टॅन्ली वॉट्रास नावाचा इंजिनीअर लिमरिकच्या अणुवीज प्रकल्पात कामाला जाताना रेडिएशनचा अलार्म वाजवायचा, प्रकल्प तर अजून सुरूच झाला नव्हता, शेवटी कळलं की ते त्याच्या घरातून येतंय. ईपीएची मर्यादा ४ पिकोक्युरी (किरणोत्सर्गाचं माप) प्रति लिटर, किट स्वस्त असतं, बऱ्याच ठिकाणी टाउन किंवा काउंटी फुकटही देते. आणि ओलीशी ह्याचा संबंध असा की सम्प पिट उघडा असेल तर तिथून दमट हवा आणि रेडॉन दोन्ही वर येतात, त्याला हवाबंद झाकण हवं. रेडॉन जास्त निघाला तर बसवतात तो पंखा स्लॅबखालची हवा खेचून छपरावर सोडतो, त्याने खालचा दमटपणाही थोडा उतरतो.

गॅसचा फर्नेस आणि वॉटर हीटर ड्रायवॉलच्या छोट्या कोठडीत बंद करू नका, त्यांना जळायला हवा लागते. लूव्हरचं, म्हणजे हवा जाईल अशा तिरक्या पट्ट्यांचं दार बसवा, आणि झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर.

इन्शुरन्सचं थोडक्यात. साध्या होमओनर पॉलिसीत पूर येत नाही, जमिनीतून झिरपलेलं पाणीही येत नाही. ड्रेन उलटणं आणि सम्प पंप बंद पडणं ह्यासाठी वेगळं एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर) घ्यावं लागतं, त्याची लिमिट किती ते बघा, कारण फिनिश्ड बेसमेंटचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो. सरकारी फ्लड इन्शुरन्स घेतलात तरी बेसमेंटमधला फर्नेस, वॉटर हीटर, पंप असल्या गोष्टी मिळतात, फिनिश्ड भिंती, फ्लोअरिंग, सोफा, टीव्ही नाही.

नवीन काम करून घेत असाल तर ड्रायवॉल लावायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवा, पाइप कुठे, वायर कुठे, जुना डाग कुठे. आणि ज्या कोपऱ्यात पूर्वी ओल होती तिथे खाली एक फूटभर पॅनल स्क्रूवर बसवून घ्या, कॉन्ट्रॅक्टर म्हणेल चांगलं दिसत नाही, तरी घ्या, सोफा सरकवला की झाकलं जातं आणि जुलैत स्क्रू काढून हात घालून बघता येतं.